स्टेअरिंग बॉक्स गळतोय: नुसतं सील, पूर्ण किट, की बॉक्सच बदलायचा?

पॉवर स्टेअरिंग असलेल्या जुन्या टाटा सुमोचा किंवा टाटा चारशेसातचा स्टेअरिंग बॉक्स गळायला लागला की मालकापुढं तीन वाटा असतात. खालचं सील बदलायचं, बॉक्स खोलून पूर्ण किट (सगळ्या सीलांचा संच) टाकायचं, नाहीतर दुसरा बॉक्स बसवायचा. चौथी वाट म्हणजे पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलच्या डबीत रोज ऑइल ओतत राहायचं. माझं मत आधीच सांगतो. पैशाचा हिशोब नंतर करा, आधी ड्रॉप आर्म (बॉक्सखालचा, चाकं वळवणारा दांडा) ज्या शाफ्टवर बसतो तो शाफ्ट बघा. तो चांगला असेल तर सर्वांत स्वस्त काम टिकतं. तो गेला असेल तर त्याच स्वस्त कामावर पुन्हा पुन्हा पैसे घालावे लागतात.

पण त्याआधी बॉक्सच गळतोय याची खात्री करून घ्या. पंपाचं सील गेलं, प्रेशर पाइपचा जॉइंट सैल झाला किंवा रिटर्न पाइपची क्लिप ढिली पडली, तरी ऑइल ओघळत बॉक्सवरच येतं आणि ड्रॉप आर्मच्या टोकाहून ठिबकतं. डबी काठोकाठ भरली असेल तर झाकणातूनही बाहेर येतं. खाली बघून निदान केलं की चांगला बॉक्स खोलला जातो आणि गळती तशीच राहते.

म्हणून पंप, पाइप, बॉक्स सगळं डिझेलनं धुऊन हवा मारून कोरडं करा आणि वर टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन चालू करून एकाला स्टेअरिंगवर बसवा आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू देऊ नका; तिथं प्रेशर सर्वांत जास्त असतं आणि पंप तापतो. आता बॅटरी घेऊन खाली बघा. पावडरीवर ओला डाग जिथं सर्वांत वर उमटला, तिथं गळती आहे. रंगही बघा. पॉवर स्टेअरिंगमध्ये साधारणपणे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) ऑइल असतं. काळं दिसलं तर ते इंजिनचं असू शकतं. अर्थात फार जुनं झालेलं एटीएफही काळपट पडतं, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका.

बॉक्सचीच गळती निघाली तर जागा महत्त्वाची. वरच्या झाकणाची पॅकिंग किंवा अॅडजस्टिंग स्क्रूच्या नटाखालचं सील गेलं असेल तर काम किरकोळ आहे. मात्र तो स्क्रू गळती थांबवण्यासाठी आवळू नका. तो आतल्या दातांमधली ढिलाई काढायला असतो. जास्त आवळला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. कॉलमकडून येणाऱ्या शाफ्टजवळ ओलं असेल तर वरचं सील. बहुतेक जुन्या गाड्यांत मात्र गळती खाली, ड्रॉप आर्मच्या शाफ्टवर सापडते, आणि आपल्या मराठवाड्यात त्याला कारणही आहे. काळ्या मातीचा चिखल तिथं लिंपला जातो, वाळून कडक होतो आणि धूळसीलच्या ओठाखाली कचकच शिरते. शिवाय नांदेड-परभणीकडं उन्हाळ्यात पारा 42-43 च्या पुढं जातो. इंजिनजवळचं जुनं रबर टणक व्हायला एवढं पुरतं.

आता शाफ्ट. दोन गोष्टी तपासायच्या. चाकं जमिनीवर ठेवून एकानं स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडं हलवावं आणि तुम्ही खालून शाफ्टकडं बघा. शाफ्ट फक्त फिरला पाहिजे. तो बाजूला सरकत असेल, म्हणजे त्याला प्ले असेल, तर बुश किंवा बेअरिंग झिजलंय. अशा ठिकाणी नवं सील टाकलं तरी शाफ्ट त्याचा ओठ एका बाजूनं खात राहतो. दुसरी तपासणी ड्रॉप आर्म काढल्यावरची. सीलचा ओठ जिथं घासतो ती जागा पुसून त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टवर चर पडलीय.

प्ले नाही, चरही नाही, आणि गळती फक्त खालून आहे, तर नुसतं सील बदला. बॉक्स गाडीवरच राहतो, सामान थोडकं लागतं, दिवसात गाडी परत रस्त्यावर येते. फक्त सील त्याच बॉक्सच्या किटमधलं घ्या. मोंढ्यातल्या बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचं साधं ऑइल सील मिळेल, पण साधं सील अर्धा बार प्रेशरच्या आसपासच हात टेकतं. बॉक्समधलं प्रेशर टोकाला ऐंशी-शंभर बारपर्यंत जातं, मोठ्या गाड्यांत त्याहून जास्त. साधं सील बाहेर फेकलं जाणारच.

किरकोळ गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टच्या घेरानं फिरवून निघतो. लांबीच्या दिशेनं घासू नका, त्या रेघांतूनच ऑइल बाहेर येतं. चर असेल आणि जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर आत बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. वेल्डिंग करून शाफ्ट भरायला कुणी सांगितलं तर साफ नकार द्या. तो कडक केलेला शाफ्ट असतो, वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याला तडा जाऊ शकतो, आणि सगळी गाडी त्याच्यावर वळते.

दोन ठिकाणांहून गळती, शाफ्टला प्ले, किंवा एका बाजूला स्टेअरिंग हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड, यांपैकी काही असेल तर पूर्ण किट आणि सोबत बुश-बेअरिंग. एका बाजूचा जडपणा म्हणजे बहुधा आतली सील किंवा टेफ्लॉनची रिंग गेली. ऑइल आतल्या आत निसटतं आणि बाहेर कितीही पुसलं तरी दिसत नाही. हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजवर उरकू नका. बॉक्समध्ये बारीक गोळ्या असतात. त्या मोजून, त्याच जागी परत गेल्या पाहिजेत, आणि धुळीचा कण आत राहता कामा नये. संभाजीनगर-नांदेडसारख्या मोठ्या ठिकाणी स्टेअरिंगचंच काम करणारे मिस्त्री शोधा. गाडी दोन-तीन दिवस उभी राहील हे धरून चाला. ऊसवाहतुकीची गाडी असेल तर गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीच हे करून घ्या. हंगामात कुणीच गाडी सोडत नाही आणि गळती मात्र वाढत जाते.

दुसरा बॉक्स घ्यायची वेळ शाफ्टचे बॉक्सच्या आतले दात किंवा आतला वर्म (स्टेअरिंगसोबत फिरणारा आट्यांचा दांडा) खडबडीत झाला तरच येते. नवा महाग, पण निर्धोक. भंगारातला घ्यायचा असेल तर तो वाइसमध्ये धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं फिरवा. मध्यावर किंचित घट्ट लागतो, ते ठीक. पण मध्येच खडखड किंवा अडकल्यासारखं झालं तर घेऊ नका. टोकापासून टोकापर्यंतचे फेरे, बोल्टची भोकं आणि शाफ्टचे दाते आपल्या जुन्या बॉक्सशी जुळवून पाहा. आणि त्याचीही सील जुनीच आहेत हे लक्षात ठेवून किटचा खर्च त्यात धरा. एवढं केल्यावर तो आपलाच बॉक्स दुरुस्त करण्यापेक्षा फारसा स्वस्त राहत नाही.

गळती थांबवणारं औषध टणक रबर मऊ करतं. बारीक पाझर काही काळ थांबतो. फाटलेल्या ओठावर किंवा चरेवर त्याचा उपयोग नाही. रोज ऑइल ओतायचं तर निदान एटीएफच ओता. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल टाकलं तर बॉक्सची उरलेली सीलही फुगून जातात. डबी रिकामी झाली की पंप सुका फिरून जातो. गाडी वळते, पण एकदम जड होते. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात भरल्या गाडीला ते परवडणारं नाही. ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकत असेल तर आगीचा धोकाही आहे.

काम कुठलंही घेतलं तरी समोर उभं राहून घ्या. ड्रॉप आर्म काढायच्या आधी शाफ्टवर आणि आर्मवर खूण करायला लावा. आर्म पुलरनंच काढला पाहिजे. घणाचे घाव आणि गॅसचा जाळ बेअरिंगला खातात. नवं सील चढवताना शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळला नाही तर ओठ तिथंच कापला जातो. ऑइल भरल्यावर पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दहा-बारा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि मधून मधून डबी भरत राहा. डबीत फेस येणं थांबलं की मगच इंजिन चालू करा.