लिटररी एजंटसोबत सोळा महिने: जिंतूरकडचा अनुभव

आमच्या तालुक्यात एजंट म्हटलं की तीनच माणसं डोळ्यांपुढं येतात. विम्याचा, आरटीओचा आणि प्लॉटचा. त्यामुळं पुस्तक इंग्रजी प्रकाशकाला विकून द्यायला दिल्लीच्या एका बाईंना एजंट केलंय असं घरी सांगितलं तेव्हा बायकोनं भाकरी थापता थापता एकच विचारलं, "म्हंजे पुस्तक तुमी लिव्हलं अन् कमिशन तिला?" तेव्हा मी गप्प बसलो. आता सोळा महिने झालेत, तर हिशेब मांडायला हरकत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. 2018 मध्ये माझी एक कादंबरी आली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची एक बोअरची गाडी उन्हाळ्यात आमच्याकडच्या गावात येते, अन् ते पोरं अडीच महिने गावात कसे राहतात, एवढीच गोष्ट. पाचशे प्रती छापल्या, चार वर्षांत खपल्या. रॉयल्टी निम्मी पैशांत आली, निम्मी पुस्तकांत. ती पुस्तकं मी लग्नात आहेर म्हणून वाटली.

मराठीत लिहिणाऱ्याला एजंट लागतच नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडं लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडं जातो, नाहीतर दिवाळी अंकाचा संपादक ओळख करून देतो, नाहीतर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान बघतो. एजंटचं प्रकरण इंग्रजीच्या दारात सुरू होतं. तिथले बरेच मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाचा मेल उघडतसुद्धा नाहीत, एजंटचा उघडतात.

माझी पहिली गाठ मात्र खोट्या एजंटशी पडली. 2022 ला उदगीरला 95 वं साहित्य संमेलन झालं, तिथं पुस्तकांच्या गाळ्यांजवळ एका गृहस्थांनी कार्ड दिलं. "तुमचं पुस्तक इंग्रजीत नेतो, लंडनपर्यंत नेतो." आठ दिवसांनी दरपत्रक आलं. वाचन फी अठरा हजार, अनुवाद वेगळा, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे साडेतीन हजार. त्या शेवटच्या ओळीनं मी वाचलो. आयएसबीएन आपल्या देशात सरकार फुकट देतं, हे मला शाळेच्या स्मरणिकेमुळं माहीत होतं. जो माणूस फुकटची गोष्ट साडेतीन हजाराला विकतो तो बाकीचं काय विकत असेल? खरा एजंट आधी एक रुपया घेत नाही. पुस्तक विकलं गेलं तरच त्याचं कमिशन, नाही गेलं तर त्याची मेहनत पाण्यात.

खऱ्या एजंटपर्यंत मी पोचलो तो अनुवादक मॅडममुळं. त्या संभाजीनगरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतात. त्यांनी स्वतःहून तीन प्रकरणं इंग्रजीत केली. एक पानाचं पत्र, दोन पानांचा गोषवारा आणि ती तीन प्रकरणं असं आम्ही सहा एजंटांना पाठवलं. तिघांचं उत्तर आजवर नाही. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं. दिल्लीच्या एका बाईंनी अकराव्या आठवड्यात लिहिलं, पुढचं आहे का?

पुढचं होतं, पण मराठीत, अन् तेही श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये. परभणीच्या डीटीपीवाल्यानं 2017 ला टाइप केलेली फाइल. दिल्लीच्या बाईंना ती मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या एका वाचकाकडून तपासून घ्यायची होती. दिल्लीत फाइल उघडली तर नुसता कचरा. युनिकोड करून घेतली तर रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसलेले, निम्मी जोडाक्षरं फुटलेली. दोनशे बारा पानं मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा ओळीनं ओळ वाचून दुरुस्त केली. तुमचं पुस्तक अजून जुन्या फॉन्टमध्ये असेल तर हे काम आजच काढा.

आता करार. एजंट बाईंचा पहिला प्रश्न कादंबरीबद्दल नव्हता. "अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत?" मी म्हटलं, माझेच असणार, मीच लिहिलंय. त्या म्हणाल्या, कागद पाठवा. कागद दोन दिवस सापडेना. शेवटी सोयाबीनच्या बियाण्याच्या पावत्या ज्या पिशवीत ठेवतो तिच्यात निघाला. शंभराचा स्टॅम्प, एक पान, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं: पुस्तकाचे सर्व भाषांतील सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील. खाली माझी सही, वळणदार. सही करताना मी ती ओळ वाचली होती का? पुस्तक येणार या आनंदात कोण वाचतो.

मला वाटलं, संपलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन केला. (त्या हिंदीत बोलतात, मी हिंदीसारखं काहीतरी बोलतो.) त्यांनी विचारलं, यात मुदत कुठं लिहिलीय? कुठंच नव्हती. तर कॉपीराइट कायदा, 1957, त्याचं कलम 19. हक्क सोपवल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच करार धरायचा. माझा करार 2017 चा. म्हणजे हक्क 2022 लाच माझ्याकडं परत आलेले आणि मला पत्ता नाही! सातबारा आपल्या नावावर असून आपण शेजाऱ्याला बटई देत बसावं तसं.

तरीही त्यांनी मला प्रकाशकाला रीतसर पत्र लिहायला लावलं, मजकूर त्यांनीच दिला. प्रकाशकांचा फोन आला, "सर, आता तुम्ही आम्हाला कलमं दाखवणार?" मला वाईट वाटलं. माझं पहिलं पुस्तक त्यांनीच छापलं, दुसरं कोणी छापत नव्हतं. दोन महिने अबोला, मग ना-हरकतीचं पत्र आलं. आता बोलणं आहे, पण पूर्वीसारखं नाही.

एजंटच्या कमिशनचे पंधरा टक्के कशाचे, असं कोणी विचारलं तर मी हे आधी सांगतो.

पण एजंट तुमच्या वतीनं प्रकाशकाचा करार वाचतो, एजंटचा करार कोण वाचणार? परभणीच्या कोर्टातल्या माझ्या वकील मित्रानं वाचला. त्यात "यापुढील सर्व लेखन" अशी एक ओळ होती. ती खोडून "या कादंबरीपुरते" केलं, बाईंनी खळखळ न करता मान्य केलं. मुदत दोन वर्षं, साठ दिवसांच्या नोटिशीनं दोघांपैकी कोणीही बाहेर पडू शकतो. मात्र त्यांनी विकलेल्या पुस्तकावरचं कमिशन करार संपला तरी त्यांचंच. हे मला आधी खटकलं, नंतर पटलं.

पटलं नाही ते वेगळंच. प्रकाशकांना पाठवायचा एक पानाचा मजकूर त्यांनी तयार केला आणि मला फक्त बघून घ्या म्हणून पाठवला. पहिल्याच वाक्यात दुष्काळानं होरपळलेला मराठवाडा, दुसऱ्यात शेतकरी आत्महत्या. माझ्या कादंबरीत कोणी आत्महत्या करत नाही. एक म्हातारा मरतो, तो पंच्याऐंशीचा आहे आणि जेवून मरतो. पाणी शोधणारा पाणाड्या हातावर नारळ आडवा ठेवून शेत हिंडतो अन् गाडीवरचे तमिळ पोरं हसू दाबतात. गाडीचा स्वयंपाकी गावातल्या बायांकडून ठेचा शिकतो, त्या त्याच्याकडून रसम शिकतात. असं पुस्तक आहे. मी जिंतूरच्या बसस्टँडवर उभा होतो, परभणीची गाडी लागलेली, अन् फोनवर बाईंना सांगत होतो की मॅडम, हे आमच्या पुस्तकात नाही. त्या म्हणाल्या, "सर, संपादक के पास एक मिनट होता है. मराठवाडा बोलो तो उनको यही याद आता है." मी म्हटलं, त्यांना तेच आठवतं म्हणूनच मी हे लिहिलं. गाडी निघून गेली.

मी नोटीस द्यायच्या बेतात होतो. अनुवादक मॅडमनी थांबवलं आणि आम्ही दोघांनी मिळून दुसरा मजकूर लिहून पाठवला, पहिलं वाक्य स्वयंपाक्याचं. बाईंनी तो घेतला. पण खरं सांगू का, नंतर एका प्रकाशकाचा नकार आला त्यात लिहिलं होतं की लेखन छान, पण दुष्काळाची तीव्रता कमी वाटली. म्हणजे बाई बाजाराबद्दल खोटं बोलत नव्हत्या. मराठवाड्यातून आलेल्या माणसानं आधी रडून दाखवावं, मग बोलावं, असं तिकडं धरून चाललेलं आहे. एजंट ते बदलत नाही, बदलणं त्याचं कामही नसावं. आपण कुठं अडून बसायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

नऊ ठिकाणी पुस्तक गेलं. पाच नकार, तीन ठिकाणी शांतता. नकाराची पत्रं त्या आपणहून पाठवत नाहीत, लेखक खचतो म्हणतात. मी भांडून मागून घेतली. ज्यानं बारा वर्षं दिवाळी अंकांची साभार परतची पाकिटं बघितली तो काय खचणार?

नवव्या ठिकाणाहून होकार आला, सातव्या महिन्यात. पहिली बोली साठ हजार अग्रिम, म्हणजे रॉयल्टीपोटी आगाऊ रक्कम, आणि अनुवादकाला एकरकमी मानधन, तेही त्याच साठातून. बाईंनी तीन आठवडे ताणून ती नव्वदवर नेली आणि लेखक-अनुवादक निम्मं-निम्मं करून घेतलं. 2022 ला हिंदी आणि 2025 ला कन्नड पुस्तकाच्या अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्या बक्षिसाची रक्कम लेखक आणि अनुवादकात समसमान वाटली जाते. त्याचा दाखला इथं कामी आला. ऑडिओ आणि सिनेमा-वेब मालिकेचे हक्क त्यांनी करारातून बाहेर काढले. मी एकटा असतो तर साठावर सही करून पेढे वाटले असते.

आता नव्वद हजार ऐकून ज्यांचे डोळे मोठे झाले त्यांच्यासाठी. नव्वदचे निम्मे माझे पंचेचाळीस. ते तीन हप्त्यांत: सहीला, हस्तलिखित दिल्यावर, पुस्तक आल्यावर. म्हणजे हप्ता पंधरा हजार. त्यातून कमिशन 2,250 आणि कमिशनवर 18 टक्के जीएसटी 405. प्रकाशकाचे पैसे एजंटकडं जातात, तिथून आपल्याकडं. माझ्या खात्यात आले 12,345 रुपये. पासबुकात एंट्री मारताना बँकेतला पोरगा म्हणाला, "सर, कुणीतरी टेस्टिंगला टाकले वाटतं." रॉयल्टी पहिल्या तीन हजार प्रतींना साडेसात टक्के, पुढं दहा, त्यातली निम्मी माझी. किंमत 399 ठरतेय, म्हणजे एका प्रतीमागं माझ्या वाट्याला पंधरा रुपये. आधी अग्रिम फिटायला हवं, म्हणजे तीन हजारांवर प्रती गेल्याशिवाय पुढचा रुपया नाही. आमच्याकडं एक बोअर मारायलाही हे पैसे पुरायचे नाहीत.

बाईंचा मोठा दोष म्हणजे त्यांना मराठी येत नाही. त्यांनी जे वाचलं, आवडून घेतलं, विकलं, ते सगळं मॅडमचं इंग्रजी. अनुवादक चांगला नसेल तर जगातला कुठलाही एजंट तुमच्या पुस्तकाचं काही करू शकत नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. मॅडमनी एका शब्दासाठी मला चार फोन केले. "बोअर फेल गेला" याचं त्यांनी आधी बोअर कोरडा निघाला असं केलं होतं. मी म्हटलं, कोरडा म्हणजे नुसती धूळ. फेल म्हणजे पाणी लागतं, मोटर अर्धा तास चालते, लोक नारळ फोडतात, अन् मग फसफसून बंद. आमच्याकडं या दोन गोष्टींचं दुःख वेगवेगळं आहे. मग त्यांनी तो अख्खा परिच्छेद फिरवला. बाईंना त्यातलं काहीच कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

बाकी तक्रारी किरकोळ. फोन उचलत नाहीत, मेल करा म्हणतात, मेलचं उत्तर दहा दिवसांनी. जयपूरचा साहित्य महोत्सव आणि फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा यांच्या दिवसांत तर महिनाभर विसरायचं. पहिला हप्ता पाच आठवडे उशिरा आला, तो प्रकाशकाकडूनच उशिरा आला होता असं कागदावरून दिसलं.

दुसऱ्या कादंबरीसाठी याच बाईंकडं जाणार का, असं दोघा-तिघांनी विचारलं. जाणार. मात्र या वेळी एक पानाचा मजकूर मी आणि मॅडम आधी लिहून देणार आहोत. सध्या मुखपृष्ठावर मॅडमचं नाव येणार की नुसतं आतल्या पानावर, यावर प्रकाशक घासाघीस करतोय. बाईंनी मागच्या मंगळवारी मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय.