प्रसंगावधानी ॲपची कोकण रेल्वेवरील परीक्षा

रात्रीच्या कोकणकन्येने कणकवलीला उतरायचे असेल, तर रत्नागिरीनंतर झोप लागत नाही आणि लागलीच तर ती धास्तीची असते. गाडी वेळेवर असेलच असे नाही, वातानुकूलित डब्याच्या दुहेरी काचेतून बाहेरचा फलक वाचता येईलच असे नाही, आणि थांबा इतका अल्प असतो की जाग आल्यावर चपला शोधेपर्यंत गाडी हलते. पूर्वी यावर एकच उपाय होता: समोरच्या बाकावरच्या माणसाला विचारणे, आणि त्यालाही ठाऊक नसेल तर दाराशी जाऊन उभे राहणे. गेली काही वर्षे मी या कामासाठी 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप वापरतो आहे. मुंबई ते सिंधुदुर्ग या मार्गावरील माझ्या फेऱ्यांच्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

हे ॲप बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीने तयार केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. भारतीय रेल्वेचे हे अधिकृत ॲप नव्हे. ते मोफत आहे, त्याची भाषा मराठी करून घेता येते, आणि गाड्यांचे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असल्यामुळे इंटरनेट नसतानाही ते उघडते. याशिवाय डब्यांचा क्रम, आसनांची रचना, फलाट क्रमांक अशी माहितीही त्यात मिळते. ती उपयोगाची आहे, पण तशी ती इतरत्रही मिळते. मला ज्याचे कौतुक वाटते ती गोष्ट निराळी आहे. धावत्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला, इंटरनेट आणि जीपीएस या दोहोंपैकी काहीही हाताशी नसताना, आपण कुठे आहोत हे हे ॲप सांगते.

ते कसे, हे थोडे खोलात जाऊन सांगण्यासारखे आहे. आपला फोन खिशात पडलेला असला, डेटा बंद असला, तरी तो जवळच्या मोबाइल टॉवरशी संधान बांधून असतो, कारण तसे केले नाही तर आलेला फोन त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. प्रत्येक टॉवर आपली ओळख सतत प्रक्षेपित करत असतो. त्या ओळखीत देशाचा क्रमांक असतो (भारताचा ४०४ किंवा ४०५), कंपनीचा क्रमांक असतो, आणि त्या परिसराचा व त्या विशिष्ट सेलचाही (टॉवरने व्यापलेल्या एका पट्ट्याचाही) क्रमांक असतो. कोणता क्रमांक रुळांच्या कोणत्या भागात ऐकू येतो याची नोंद हाताशी असेल, तर फोनला केवळ कान देऊन जागा ओळखता येते. जीपीएसच्या उपग्रहांकडे कान लावून बसावे लागत नाही, त्यामुळे बॅटरीही फारशी खर्च होत नाही. लोखंडी डब्यात, खालच्या बर्थवर, खिडकीपासून दूर झोपलेल्या माणसाच्या फोनला जीपीएसचा क्षीण संदेश मिळणे मुळातच अवघड असते. टॉवरचा संदेश त्या मानाने पुष्कळ बळकट असतो.

आता टॉवरवरून काढलेली जागा अगदीच ढोबळ असते, हे कोणीही म्हणेल आणि ते खरेच आहे. शहरात ती काही शे मीटरच्या आत येते, पण ग्रामीण भागात एकेका टॉवरची कक्षा काही किलोमीटर पसरलेली असते. अशा माहितीवर रिक्षा बोलावता येणार नाही. पण येथेच या ॲपच्या कर्त्यांची हुशारी दिसते. आगगाडी रूळ सोडून जात नाही. प्रवाशाने गाडीचा क्रमांक सांगितला की नकाशाचा सगळा पसारा मिटून एक रेघ उरते, त्या रेघेवर स्थानके ठरलेल्या क्रमाने येतात आणि गाडी कोणत्या दिशेने चालली आहे हेही आधीच ठाऊक असते. मग 'मी या टॉवरच्या आसपास कुठेतरी आहे' एवढ्या मोघम माहितीतूनही 'वैभववाडी सोडली, नांदगाव यायचे आहे' हे उत्तर खात्रीने निघते. माहिती तुटपुंजी असली तरी संदर्भ पक्का असल्यामुळे ती पुरते.

परीक्षा म्हणून मी मोबाइल डेटा पूर्ण बंद ठेवून काही फेऱ्या केल्या आणि दिवसाच्या प्रवासात खिडकीशी बसून स्थानकांचे पिवळे फलक व पडद्यावरचा ठिपका यांची सांगड घालत गेलो. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यामुळे अशा ॲपसाठी याहून कठीण प्रश्नपत्रिका देशात क्वचितच सापडेल. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडेचा बोगदा एकट्यानेच साडेसहा किलोमीटर लांब आहे. बोगद्यात शिरल्यावर माझ्या फोनची रेंज जाते आणि रेंज गेली की कानच बंद होतात, तेव्हा त्या अवधीत पडद्यावरच्या जागेवर विसंबण्यात अर्थ नसतो. बोगद्यातून बाहेर पडून पहिला टॉवर मिळाला की हिशेब पुन्हा जुळतो. निवसर, आडवली, विलवडे, राजापूर रोड ही स्थानके पडद्यावर आणि खिडकीबाहेर एकमेकांच्या इतक्या जवळून गेली की शेवटी मी फलक पाहणे सोडून डबा उघडून घावणे खायला बसलो.

या प्रकारच्या संगणनाला इंग्रजीत 'कॉन्टेक्स्ट-अवेअर' असे जे नाव आहे त्याचे 'संदर्भ-जागरूक' असे शब्दशः भाषांतर अधूनमधून वाचायला मिळते. मला ते अवघडलेले वाटते, कारण आपल्याकडे 'प्रसंगावधान' हा नेमका शब्द आधीपासून आहे. यंत्राला प्रसंगावधान असावे ही कल्पना स्मार्टफोनहून पुष्कळ जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये असे मांडले होते की संगणक सर्वत्र असावेत, पण माणसाला त्यांची जाणीवही होऊ नये. त्याच सुमारास केंब्रिजमधील ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत कर्मचारी छातीवर एक बिल्ला लावून हिंडत. तो बिल्ला ठरावीक सेकंदांनी अवरक्त किरणांचा संकेत सोडी, भिंतीवरचे यंत्र तो टिपून घेई आणि त्या माणसाचा फोन तो ज्या खोलीत असेल तिथे जोडून देता येई. एका इमारतीपुरती उभारलेली ती सोय आणि आज दुसऱ्या दर्जाच्या शयनयानात कोणाच्याही उशाशी पडलेली ही सोय यांमागचा विचार एकच आहे.

प्रसंगावधानाचा आव आणणे आणि ते असणे यांत मात्र फरक आहे, आणि तो माझ्याच फोनने मला दाखवला. (फोन कोणत्या कंपनीचा हे येथे महत्त्वाचे नाही.) त्यात वाहन चालवताना येणारे फोन आपोआप रोखून धरण्याची सोय आहे. वेग आणि हालचाल पाहून मालक गाडी चालवतो आहे असे तो ठरवतो. ठाण्याला मी रिक्षाच्या मागच्या आसनावर निवांत बसलेलो असताना त्याने आईचे तीन फोन परस्पर थोपवले. रिक्षा धावते आहे हे त्याला कळले, ती मी चालवत नाही हे कळले नाही, आणि मला विचारून घ्यावे एवढे त्याला सुचले नाही. त्याउलट परीक्षणाखालील ॲप सुरुवातीलाच गाडी कोणती ते माणसाकडून जाणून घेते आणि उरलेले स्वतः पाहते. तर्काने जे चुकू शकते ते सरळ विचारावे आणि जे विचारत बसणे कंटाळवाणे आहे ते तर्काने काढावे, ही वाटणी येथे बरोबर जमली आहे.

गजराची सोय ही माझ्या मते या ॲपमधली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. हा गजर घड्याळाच्या वेळेवर चालत नाही. तो स्थानकाला बांधलेला असतो आणि ते जवळ आले की वाजतो. गाडी दोन तास उशिरा असली तर तोही दोन तास थांबतो. याच सोयीच्या भरवशावर मी एकदा कणकवली चुकवून कुडाळला उतरलो, हेही प्रांजळपणे नोंदवतो. दोष ॲपचा नव्हता. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली माझ्या तेव्हाच्या फोनने, पडदा विझल्यावर मागे चालू असलेली सगळी कामे मारून टाकली होती आणि त्यांत हा गजरही गेला. रात्रभर जागे राहण्याची जबाबदारी फोनने माझ्यावर सोपवली असती तर निदान मी झोपलो नसतो. तेव्हापासून प्रवासाच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळतो. ज्यांना गजर वापरायचा आहे त्यांनी हे एक काम घरूनच करून निघावे, कारण पनवेलनंतर दिवे मालवलेल्या डब्यात त्या सेटिंग शोधत बसणे त्रासाचे होते.

दुसरी खबरदारी वेळापत्रकाची. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे वेळापत्रक लागू असते. ॲपमधली माहिती फोनमध्ये साठवलेली असल्यामुळे, जूनमध्ये निघताना ती अद्ययावत करून घेतली नाही तर उन्हाळ्याचे वेळापत्रक समोर ठेवून गाडीला उगाच दोष दिला जाण्याची शक्यता आहे. आरक्षणाची स्थिती पाहण्यासाठी इंटरनेट लागतेच, तेव्हा ती गोष्ट रेंज आहे तोवर उरकावी.

आता मर्यादांकडे येतो. गाडी कुठे आहे हे टॉवर सांगतात, ती तिथे का उभी आहे हे ते सांगू शकत नाहीत. वीरच्या पुढे कोकणचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी एखाद्या लहानशा स्थानकात 'क्रॉसिंग'ला थांबणे हे नित्याचेच. अशा वेळी प्रवाशाला हवे असते ते 'अजून किती वेळ' याचे उत्तर, आणि ते स्टेशनमास्तरपाशी असते, फोनपाशी नसते. मुंबईच्या लोकलसाठी 'एम-इंडिकेटर' वापरणारे प्रवासी तेथल्या गप्पांच्या खिडकीत गाडी कुठे व कशासाठी अडकली आहे हे एकमेकांना कळवतात. लांब पल्ल्याच्या गाडीतही अशी माणसांची साक्ष जोडता आली तर या ॲपची उणीव बरीच भरून निघेल.

खासगीपणाचा प्रश्नही आहेच. टॉवरचा क्रमांक वाचण्यासाठीसुद्धा अँड्रॉइडमध्ये लोकेशनची परवानगी द्यावी लागते. ज्या कंपनीकडे आपल्या हालचालींची नोंद अन्य मार्गांनी आधीच जात असेल तिला आणखी एक प्रवास कळल्याने काय बिघडते, असे म्हणणारे मित्र मला आहेत. मी मात्र प्रवासापुरती परवानगी देतो आणि घरी पोहोचलो की काढून घेतो. यात दरवेळी दोन मिनिटे जातात आणि ती मला जड वाटत नाहीत. याच कामासाठी उतरवलेल्या एका दुसऱ्या ॲपने पहिल्याच पडद्यावर फोनमधल्या सगळ्या संपर्कांची यादी मागितली होती. गाडी शोधायला माझ्या मावशीचा नंबर कशाला हवा, हे न समजल्यामुळे मी ते तिथल्या तिथे काढून टाकले.

गेल्या फेरीत समोरच्या खालच्या बर्थवर मालवणच्या एक आजी होत्या. उजाडायच्या आधी त्यांनी चादरीतूनच विचारले, "बाबा, खंय इली गाडी?" मी पडदा पाहून नांदगाव गेल्याचे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी उठून काचेवरची वाफ पदराने पुसली, बाहेरच्या काळोखात काही वेळ डोळे ताणून पाहिले आणि मग आपले बोचके बाकाखालून ओढून दाराकडे निघाल्या. माझ्या फोनमधला गजर त्यानंतर वाजला.