मृत्यू नोंदवही: कोकणातले जादा मृत्यू मोजायला कितपत कामाची?

करोनाने खरोखर किती माणसं नेली हे काढायचं असेल तर आमच्या मते चाचण्यांच्या यादीपेक्षा मृत्यू नोंदवही जास्त भरवशाची. चाचणीच झाली नाही असा माणूस यादीत येत नाही. पण दाखल्याशिवाय सातबाऱ्यावर वारस लागत नाहीत, विम्याचे पैसे सुटत नाहीत, म्हणून वहीत तो बहुतेक येतोच. ही वही म्हणजे नमुना 8. ग्रामपंचायतीत नमुना 8 म्हटलं की घरपट्टीचं रजिस्टर पुढे येतं, तेव्हा ‘मृत्यू नोंदवही’ असंच सांगावं.

हिशोब साधा आहे. साथ आली नसती तर अपेक्षित असलेले मृत्यू प्रत्यक्ष मृत्यूंतून वजा करायचे. घोळ होतो तो ‘अपेक्षित’मध्ये. समजा, एका तालुक्यात 2015 ते 2019 मध्ये 610, 622, 640, 651 आणि 667 मृत्यू नोंदले गेले आणि 2021 मध्ये 850. पाच वर्षांची सरासरी 638 धरली तर जादा मृत्यू 212, म्हणजे 33 टक्के. पण आकडा दरवर्षी साधारण 14 ने चढतोच आहे. तो कल पुढे नेला तर 2021 साठी अपेक्षित 695 आणि जादा 155, म्हणजे 22 टक्के. आमचं मत कलाच्या बाजूने, कारण नोंदणीच सुधारत होती. देशभरात 2018 ते 2019 या एका वर्षात, साथ नसताना, नोंदलेले मृत्यू सुमारे 7 लाखांनी वाढले. 2020 मध्ये ते 81 लाखांवर आणि 2021 मध्ये 1 कोटी 2 लाखांवर गेले. ही शेवटची उडी नुसत्या सुधारलेल्या नोंदणीने होत नाही.

कोकणात या वहीची खरी उणीव ठिकाणाची. कायद्याने नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. सावंतवाडीचा पेशंट बांबोळीला नेला आणि तिथे गेला तर तो गोव्याच्या आकड्यात. राजापूरचा कोल्हापुरात, खेड-दापोलीचा मुंबईत. उलट 2020 च्या उन्हाळ्यात चाकरमानी गावी आले. त्यांच्यातलं कोणी वाडीतच वारलं तर गावाचा आकडा फुगतो. मृत्यूच्या अहवालात, म्हणजे नमुना 2 मध्ये, मृताच्या राहत्या गावाचा रकाना असतो. तो धरून मोजलं तर बाहेरून आलेले वेगळे काढता येतात. बाहेर जाऊन वारलेले मात्र गावच्या वहीत सापडणारच नाहीत. त्यासाठी घाटावरची, मुंबईची आणि गोव्याची नोंद जोडावी लागते, नाहीतर सरळ सगळ्या राज्याचा हिशोब मांडावा.

तारखेचंही तसंच. मुदत 21 दिवसांची, पण टाळेबंदीत नोंदी लांबल्या. वर्षावरून पुढे गेलेल्या नोंदीला तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंदणीच्या तारखेने मोजाल तर लाट पुढच्या महिन्यांत सरकलेली दिसेल. मृत्यूच्या तारखेनेच मोजा.

एका गावापुरता हिशोब करू नका. वर्षाला 20 मृत्यू होणाऱ्या गावात एखाद्या वर्षी 11 किंवा 29 झाले तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. आणि जादा मृत्यू म्हणजे सगळेच करोनाचे नव्हेत. जुलै 2021 मध्ये चिपळूणचा पूर आणि महाडजवळच्या तळियेची दरड याच बेरजेत बसतात, वेळेवर डायलिसिस न मिळालेलेही. उलट देशात रस्त्यावरचे मृत्यू 2019 मधल्या 1 लाख 51 हजारांवरून 2020 मध्ये 1 लाख 32 हजारांवर आले. तेवढी घट बेरजेतून आपोआप वजा झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020-21 साठी भारतात 47 लाख जादा मृत्यू काढले. भारत सरकारने ती पद्धत नाकारली. आक्षेप मुख्यतः असा, की नोंदणीचे अधिकृत आकडे असताना गणिती मॉडेलने अंदाज काढला.

माहिती अधिकारात मागणी करताना नावं मागू नका, अर्ज त्यावरच अडतो. महिना, लिंग, वयोगट आणि राहतं गाव एवढेच रकाने मागा, आणि 2015 पासूनचे मागा. फक्त 2020-21 चे आकडे हाती आले तर वजाबाकी करायला काही उरत नाही.