मार्केटप्लेसचे कर्ज, साऊंडबॉक्सचे कर्ज की बिलिंग सॉफ्टवेअरमधली कर्जमर्यादा: छोट्या व्यापाऱ्याने काय निवडावे?

दसरा-दिवाळीच्या आधी मालाची भरणी करायची वेळ आली, की छोट्या व्यापाऱ्याच्या फोनवर कर्जाचे प्रस्ताव येऊ लागतात, आणि ते आता बँकेच्या शाखेतून येत नाहीत. ज्या मार्केटप्लेसवर आपण माल विकतो तिच्या विक्रेता पॅनेलवर एक प्रस्ताव असतो, गल्ल्यावरच्या साऊंडबॉक्सच्या अ‍ॅपमध्ये दुसरा असतो, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये रोजची बिले बनवतो त्यातही आता तिसरा दिसतो. सोलापुरात टॉवेल आणि चादरींचा व्यापार करताना, काही माल ऑनलाइन आणि काही दुकानातून विकताना, मी हे तिन्ही मार्ग वापरले आहेत. त्यामुळे पुढील मते एका व्यापाऱ्याच्या अनुभवाची आहेत. ज्यांचा धंदा वेगळ्या घडणीचा आहे, त्यांना ती तंतोतंत लागू पडतीलच असे नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करावी लागेल. या तिन्ही ठिकाणी कर्ज देणारी संस्था पडद्यामागे असते आणि ती बहुतेक वेळा एखादी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) असते. अ‍ॅप किंवा मार्केटप्लेस हे ग्राहक आणून देण्याचे आणि वसुली सोपी करण्याचे काम करतात. त्यांनी या कामात उतरण्यामागे सरळ कारण आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरच्या व्यवहारांना व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचे शुल्क, घेता येत नाही, त्यामुळे नुसते पैसे इकडून तिकडे पोहोचवून पेमेंट कंपनीची कमाई होत नाही. व्यापाऱ्याच्या रोजच्या जमेची माहिती मात्र तिच्याकडे साठत जाते, आणि त्या माहितीच्या आधारे कर्ज विकणे हा तिला सापडलेला उत्पन्नाचा मार्ग आहे. यात वावगे काही नाही. ज्या दुकानदाराला ताळेबंद नाही म्हणून बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याला यामुळे पहिल्यांदा औपचारिक कर्ज मिळाले, हे मी माझ्या पेठेत पाहिलेले आहे.

साऊंडबॉक्सच्या कर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. त्याची मोठी सोय अशी, की हप्ता रोजचा असतो आणि दिवसभराच्या क्यूआर जमेतूनच कापला जातो, त्यामुळे महिनाअखेरीस मोठी रक्कम उभी करण्याचे दडपण राहत नाही. ज्याचे गिऱ्हाईक रोजचे आहे, म्हणजे चहा, किराणा, औषधे, नाश्ता अशा दुकानांना हे बरे पडते. आमच्या धंद्यात मात्र विक्री ऋतूप्रमाणे चढते-उतरते. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत दुकान गजबजलेले असते, आणि भर उन्हाळ्यात चादरीला कोणी विचारत नाही. हप्ता जमेच्या ठरावीक टक्क्यांचा असेल तर ते निभावते, पण ठरावीक रुपयांचा असेल तर मंदीच्या दिवसांत तो जड जातो. प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी हा फरक विचारून घ्यावा, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

व्याजाचेही असेच आहे. उदाहरणार्थ, एक लाखाच्या कर्जावर वर्षाला १८ टक्के सरळ आकारणी सांगितली आणि रोजच्या समान हप्त्यांत १ लाख १८ हजार फेडायचे ठरले, तर आपण मुद्दल पहिल्या दिवसापासून परत करत असतो. संपूर्ण लाख रुपये वर्षभर आपल्याकडे राहत नाहीत, सरासरीने त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतात, आणि घटत्या शिलकीवर मोजले तर तो दर ३४ टक्क्यांच्या जवळ जातो. प्रक्रिया शुल्क त्यावर वेगळे. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि मे २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र केले. त्यांच्यामुळे कर्ज घेण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) देणे आणि त्यात एपीआर, म्हणजे सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर, लिहिणे बंधनकारक आहे. तुलना करायची ती त्या एकाच आकड्याची करावी, ‘दिवसाला फक्त इतके रुपये’ या ओळीची करू नये.

आता मार्केटप्लेसच्या कर्जाकडे येतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मार्केटप्लेसला आपली विक्री, परत येणाऱ्या मालाचे प्रमाण आणि ग्राहकांचे शेरे हे सर्व ठाऊक असते, त्यामुळे कागदपत्रे जवळजवळ लागत नाहीत, तारण लागत नाही, आणि पैसे लवकर खात्यात येतात. मला आलेल्या प्रस्तावांत त्याचा दर साऊंडबॉक्सच्या कर्जापेक्षा कमी होता. नव्या विक्रेत्याला, ज्याच्यामागे ना मालमत्ता ना जुने खाते, त्याला पहिल्या हंगामाचा माल भरण्यासाठी हा मार्ग उपयोगी आहे, असे मी आजही म्हणेन.

मला अडचण झाली ती वसुलीच्या पद्धतीची. हप्ता आपल्या बँक खात्यातून जात नाही. मार्केटप्लेस आपले पैसे आपल्याला देण्याआधीच तो पेआउटमधून वळता करून घेते. ऐकायला ही सोय वाटते, पण एका सेटलमेंटचा कागद डोळ्यांपुढे धरून पाहावा. समजा एका चक्रात ग्राहकांनी ६३ हजार रुपये भरले, म्हणजे ६० हजारांची करपात्र विक्री आणि ५ टक्क्यांनी ३ हजार जीएसटी. त्यातून कमिशन, वाहतूक आणि त्यांवरचा १८ टक्के जीएसटी मिळून १२ हजार गेले. जीएसटीचा अर्धा टक्का टीसीएस आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस (मार्केटप्लेस आपल्या नावे सरकारकडे भरते ते कर) मिळून साडेतीनशेच्या आसपास कापले गेले. जाहिरातीचे २ हजार गेले. मागच्या चक्रातला साडेसात हजारांचा माल या आठवड्यात परत आला, तो इथे वजा झाला. आणि शेवटी एका ओळीत, ‘समायोजन’ असे लिहून, कर्जाचे ९ हजार गेले. खात्यात जमा झाले ते ३२ हजारांच्या आसपास, एकाच रकमेत.

आता या ३२ हजारांवरून पुन्हा मागे जाऊन पुस्तके लिहायची असतात. विक्री पूर्ण दाखवावी लागते, कारण जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात ती पूर्ण जाते, आणि मार्केटप्लेस आपल्या विवरणपत्रात जी विक्री दाखवते तिच्याशी ती जुळली नाही तर प्रश्न येतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट वेगळी करायची, कमिशनवरच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) वेगळे घ्यायचे, टीसीएस आणि टीडीएस वेगळे दाखवायचे. इतके सगळे ऑनलाइन विकणाऱ्याला सवयीचे असते. पण त्या ९ हजारांत मुद्दल किती आणि व्याज किती, हे त्या कागदावर कुठेच नसते. व्याज हा खर्च आहे आणि मुद्दल हा खर्च नाही, त्यामुळे ही फोड केल्याशिवाय नफा-तोटा लिहिता येत नाही. ती कर्ज देणाऱ्या एनबीएफसीच्या स्वतंत्र खाते-उताऱ्यात असते, आणि मला तो उतारा दर वेळी मागून घ्यावा लागे. त्यावरच्या तारखाही निराळ्या असत: पेआउटमधून रक्कम एका दिवशी कापलेली, एनबीएफसीच्या खात्यात ती नंतरच्या दिवशी जमा झालेली, आणि मधल्या दिवसांचे व्याज चालूच. आमच्याकडे हिशेब लिहिणारे काका प्रत्येक सेटलमेंटला कागद पुढे करून विचारत, “मालक, ही रक्कम मुद्दलात धरू की व्याजात?” आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नसे. वर्षअखेरीस सीएंनी लेजर उघडून तोच प्रश्न विचारला, तेव्हा काकांनी आणि मी मिळून सर्व चक्रे पुन्हा एकेक करून जुळवली.

कोणी म्हणेल, हा कारकुनी त्रास आहे, त्यासाठी स्वस्त आणि सोपे कर्ज का सोडावे? त्यावर माझे म्हणणे असे, की ज्या कर्जाचा हिशेब लावता येत नाही ते स्वस्त आहे की महाग, हेसुद्धा सांगता येत नाही. शिवाय या वळत्या रकमेचा दुसरा परिणाम कारकुनी नव्हता. दिवाळीनंतर परत येणारा माल वाढतो, त्यामुळे पेआउट तसेही आटलेले असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत हप्ता सगळ्यांच्या आधी कापला जातो. ज्या यंत्रमागधारकांकडून मी टॉवेल विणून घेतो, त्यांचे पैसे त्याच काळात द्यायचे असतात. ते सूक्ष्म उद्योग आहेत, आणि आयकराच्या २०२४-२५ या आकारणी वर्षापासून अशा उत्पादकांचे देणे कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत, दिले नाही तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावटीस धरला जातो. म्हणजे मागवाल्याचे देणे लांबले तर तो अडचणीत येतो, आणि ते मार्चपलीकडे गेले तर माझा त्या वर्षीचा करही वाढतो. पैसे हातात आले, तर कोणाला आधी द्यायचे हे व्यापारी ठरवू शकतो. ते आधीच वळते झाले, तर तो अधिकार त्याच्याकडे उरत नाही, आणि माझ्या मते धंद्यात हा अधिकार दरातल्या दोन-चार टक्क्यांपेक्षा मोलाचा आहे.

बिलिंग सॉफ्टवेअरमधून मी घेतलेली कर्जमर्यादा या बाबतीत निराळी निघाली. तीही पडद्यामागच्या बँकेचीच आहे. बँकेने माझी जीएसटी विवरणपत्रे आणि खात्याचे उतारे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर या माहिती पोहोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत, माझ्या संमतीने, थेट मिळवले. ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जीएसटी नेटवर्कलाही माहिती पुरवणाऱ्यांच्या यादीत घेतले. संमती कशासाठी आणि किती काळासाठी आहे हे तिथे लिहिलेले असते आणि ती मागे घेता येते. तो काळ वाचल्याशिवाय ‘मान्य’ दाबू नये, एवढेच सांगतो. मर्यादा ओव्हरड्राफ्टच्या स्वरूपाची असल्यामुळे जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज लागते. व्याज महिन्याला, एका ठरलेल्या तारखेला, माझ्याच चालू खात्यातून ई-नॅचने, म्हणजे बँकेला आधी दिलेल्या कायम आदेशाने, जाते, आणि सॉफ्टवेअरमध्ये व्याजाची नोंद व्याजाच्या खात्यात, मुद्दलाची मुद्दलाच्या खात्यात आपोआप पडते. मार्केटप्लेसचा पेआउट पूर्ण येतो. काकांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

यातही त्रास आहेत आणि ते सांगायला हवेत. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे आठवड्यावर सण आलेला असताना हा मार्ग उपयोगाचा नाही. जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र उशिरा भरले तर मर्यादा कमी होऊ शकते. ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर ई-नॅच परत जातो, बँकेचे शुल्क लागते आणि सिबिलवर डाग पडतो, आणि इथे पेआउटमधून आपोआप कापून घेणारे कोणी नसते. ज्याला हातात आलेला पैसा राखून ठेवणे जमत नाही, त्याला मार्केटप्लेसची वळती पद्धत कदाचित अधिक सुरक्षित पडेल. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क हा वेगळा खर्च आहे. आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा प्रत्येक प्रस्ताव ओव्हरड्राफ्टचा नसतो. त्यात साधे मुदतकर्जही असते, त्यामुळे नाव नीट वाचावे.

बँकेच्या शाखेतल्या जुन्या कॅश क्रेडिटचा (सीसी, म्हणजे मालाच्या आधारे मिळणाऱ्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादेचा) उल्लेख टाळता येणार नाही. तारण देण्याजोगी मालमत्ता असेल, किंवा विनातारण कर्जांना हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टच्या हमीवर शाखाधिकारी तयार असतील, तर दरात त्याच्याशी बरोबरी करणे या तिघांनाही कठीण आहे. लघुउद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीनुसार अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल देण्याची पद्धत बँकांमध्ये रूढ आहे. दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट, ड्रॉइंग पॉवर (त्यावरून ठरणारी उचलीची मर्यादा) आणि वार्षिक नूतनीकरण सांभाळायची तयारी मात्र हवी. पुढे कधी सीसीसाठी जायचे असेल, तर आत्ता अ‍ॅपवरची चार छोटी कर्जे एकाच वेळी चालू ठेवू नयेत, कारण ती सर्व क्रेडिट ब्युरोकडे नोंदली जातात आणि शाखेत पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच येतो.

मुदतीआधी फेडण्याचा विचार हंगामी धंद्याने आवर्जून करावा, कारण दिवाळीचा पैसा आला की कर्ज मिटवून टाकावेसे वाटते. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या, बदलत्या दराच्या व्यावसायिक कर्जांवर व्यापारी बँकांना सूक्ष्म व लघु उद्योगांकडून मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. रोजच्या हप्त्याची कर्जे बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे ती त्या सवलतीत येतील असे गृहीत धरू नये. सरळ आकारणीच्या कर्जात लवकर फेडल्यास उरलेले व्याज माफ होते का, हे आधीच विचारावे.

दुकान रोजच्या विक्रीचे असेल, रक्कम लहान असेल आणि हप्ता टक्केवारीचा मिळत असेल, तर साऊंडबॉक्सचे कर्ज चालेल. विक्री एकाच मार्केटप्लेसवर असेल आणि पहिलाच हंगाम असेल, तर तिचेही घ्यावे. मात्र सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवणारा मासिक उतारा, आणि एका पेआउटमधून किती टक्क्यांपेक्षा जास्त कापले जाणार नाही याची मर्यादा. ज्याची विक्री माझ्यासारखी दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहे, विवरणपत्रे वेळेवर जातात आणि पुरवठादार छोटे आहेत, त्याने सणाच्या काही महिने आधीच सॉफ्टवेअरमधल्या मर्यादेसाठी अर्ज करून ठेवावा. ती वापरली नाही तर व्याज लागत नाही. वार्षिक शुल्क किती लागते, ते की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये पाहून घ्यावे.