मानेच्या मणक्यांचे कोन मोजायला 'वीसिस': हत्यार चांगलं, रेघ मात्र जपून मारा

गादी झिजलेल्या मानेच्या एक्स-रेचा रिपोर्ट बऱ्याचदा 'लॉर्डोसिस (मानेचा नैसर्गिक बाक) कमी झालेला' एवढ्यावर संपतो. किती अंशांनी, ते लिहिलेलं नसतं. तो आकडा काढायला जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेलं वीसिस (Weasis) हे एक्स-रे, स्कॅन पाहायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोफत, ओपन सोर्स, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं. सेंटरने दिलेल्या सीडीतलं डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या फाइलींचं) फोल्डर उघडलं की काम सुरू.

मोजमापांच्या साधनांत कॉबचा कोन, म्हणजे दोन मणक्यांच्या कडांवरच्या रेघांमधला कोन, वेगळा दिला आहे. एक रेघ सी२च्या (मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या) खालच्या कडेवर, दुसरी सी७च्या (सातव्या, शेवटच्या मणक्याच्या) खालच्या कडेवर. लंब टाकायची कटकट नाही, कोन लगेच दिसतो. सॉफ्टवेअर इथे चोख आहे. चूक होते ती टोक टेकवताना. झिजलेल्या गादीलगत मणक्याच्या पुढच्या कडेला हाड वाढून चोच आलेली असते. रेघ त्या चोचीवर गेली की कोन खोटा. सी२च्या पुढच्या खालच्या कोपऱ्याला तर निरोगी मानेतही ओठ असतो, तोही फसवतो. म्हणून आधी झूम करा, मूळ कड शोधा, मगच क्लिक करा. मणक्याची पुढून मागे लांबी साधारण १६ मिमी धरली, तर एक टोक १ मिमी सरकल्यावर रेघ साडेतीन अंशांनी फिरते! त्यामुळे दोन फिल्ममधल्या चार अंशांच्या फरकावरून 'मान सरळ झाली' असं कुणाला सांगू नये.

टी१चा, म्हणजे सी७खालच्या छातीच्या पहिल्या मणक्याचा, उतार साध्या रेघेने निघतो. वरच्या कडेवर रेघ मारा आणि मोजमापांत तिचं ओरिएंटेशन (आडव्या दिशेशी कोन) वाचा. ९०च्या वर आलं तर १८०मधून वजा करा. मात्र चित्र आधी फिरवलेलं नको, नाहीतर आडवी दिशाच बदलते. खांद्यांमुळे टी१ बहुधा झाकलेला असतो. तिथे अंदाजाने रेघ न मारता सी७चा उतार घ्यावा आणि तसं स्पष्ट लिहावं. टी१च्या उतारातून सी२-सी७ लॉर्डोसिस वजा करून २० अंशांपेक्षा जास्त उरले, तर उतार आणि बाक यांचा मेळ बिघडला असं सर्जन धरतात.

खरी सावधगिरी मिलिमीटरमध्ये लागते. सी२च्या मध्यातून सोडलेला ओळंबा सी७च्या मागच्या वरच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडतो, ते अंतर ४० मिमीच्या वर गेलं की काळजीचं मानतात. पण खांदा मध्ये आल्याने मान डिटेक्टरपासून (चित्र टिपणाऱ्या पाटीपासून) दूर राहते आणि सावली मोठी पडते. किरण सोडणारी ट्यूब डिटेक्टरपासून १८० सेंमीवर आणि मान डिटेक्टरपासून २५ सेंमीवर असेल, तर वाढ सुमारे १६ टक्के; खरे ३५ मिमी पडद्यावर चाळिशी ओलांडतात. वीसिसमध्ये कॅलिब्रेशन (चित्रावरच्या मापाचं प्रमाण) हाताने बदलता येतं, पण त्यासाठी मानेच्याच पातळीत धरलेली, माहीत मापाची खूण फिल्मवर हवी. कोनांना या वाढीने धक्का लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फिल्मच्या तिरक्या फोटोत मात्र कोनही बिघडतात. तो मोजूच नये.

आपोआप कडा ओळखणं वीसिसमध्ये नाही, प्रत्येक बिंदू हातानेच द्यावा लागतो. रोज पन्नास फिल्म मोजणाऱ्यांना हे संथ वाटेल. आणि एमआरआयवर काढलेला कोन उभ्याने काढलेल्या एक्स-रेशेजारी ठेवू नका: आडवं झोपल्यावर मानेवर डोक्याचा भार नसतो, बाक बदलतो.