नाट्यसंहितेची ऑनलाइन नोंदणी: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या फोंडा तालुक्यात जत्रेच्या नाटकाची संहिता झेरॉक्स होऊन मंडळामंडळांतून फिरते, आणि पुढच्या वर्षी तेच नाटक तिसऱ्या गावच्या रंगमंचावर लेखकाच्या नावाविना उभे राहते. माझ्या पहिल्या नाटकाचे असे झाले तेव्हा मनाला फार लागले. म्हणून दुसऱ्या नाटकाची कॉपीराइट नोंदणी मी टपालाने केली. संहितेच्या दोन प्रती, डिमांड ड्राफ्ट, रजिस्टर पोस्टाची पावती, आणि अर्ज दिल्लीला पोचला की नाही याचा घोर.

तिसऱ्या नाटकासाठी गेल्या आषाढात ऑनलाइन अर्ज केला. ही सोय २०१४ पासून आहे, मीच तिकडे उशिरा वळलो. नमुना १४, त्यासोबतची विवरणपत्रे, संहितेची पीडीएफ, स्कॅन केलेली सही आणि नाट्यकृतीसाठीचे ५०० रुपये शुल्क, हे सगळे एका संध्याकाळी आटोपले. शुल्क भरताच डायरी क्रमांक मिळाला. टपालाच्या वेळी ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तो क्रमांक समोर पडद्यावर होता आणि त्यावरून अर्ज कुठवर आला हे घरबसल्या पाहता येत होते. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल यातच आहे.

वेळ मात्र लागतोच. हरकतींसाठीचे ३० दिवस नियमानेच ठरलेले आहेत आणि तपासणी त्यानंतर सुरू होते. माझ्या अर्जात त्रुटी निघाली, ती माझ्याच चुकीने. नाटकातील सहा पदे मंडळातल्या एका मित्राने रचलेली असून त्याचे नाव संहितेच्या पहिल्या पानावर होते. लेखकाच्या रकान्यात मात्र मी एकट्याचेच नाव भरले होते. ईमेल येताच त्याचे ना-हरकत पत्र घेऊन मुदतीत पाठवले. तालमी सुरू होण्यापूर्वीच ते घेऊन ठेवायला हवे होते.

नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. संहिता कागदावर उतरताच तो लेखकाचा होतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पण वाद न्यायालयात गेला, तर १९५७ च्या कायद्याच्या कलम ४८ नुसार नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि जिथे प्रती हातोहात फिरतात तिथे हा आधार लहान नाही.

गेल्या महिन्यात नोंदीचा उतारा आला. आता मंडळांना देण्याच्या प्रत्येक प्रतीवर पहिल्याच पानावर नोंदणी क्रमांक छापला आहे, आणि त्याच्याखाली पदे रचणाऱ्या मित्राचे नाव.