हलशी–देगाव: खानापूरच्या गाइडसोबत एक दिवस

बेळगावात राहणारा माणूस खानापूर तालुक्यातल्या हलशीला कधी ना कधी गेलेला असतोच. भूवराह-नरसिंहाचं दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा, झाडाखाली डबा सोडायचा आणि ऊन उतरल्यावर गाडीला किल्ली मारायची. देऊळ कुणाचं, कधीचं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: पांडवांनी एका रात्रीत बांधलं. या वेळी आम्ही खानापूर तालुक्यातला एक तरुण गाइड ठरवून गेलो. ती सेवा कशी वाटली ते लिहितोय, कारण तसा अनुभव आपल्या भागात पैसे देऊनही सहसा मिळत नाही.

आधी व्यवहार. त्याची दिवसाची फी १,८०० रुपये, माणसं दोन असोत की सहा. गाडी आपली, जेवणाचे पैसे वेगळे. हलशीत एका घरी तो आधी सांगून ठेवतो. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि ताक असं साधं जेवण होतं, आणि माझ्या आईनं मागून घेऊन भाकरी खाल्ली एवढं सांगितलं तरी पुरे. त्याचा नंबर परस्पर कुठं छापू नका म्हणून त्यानं सांगितलंय, त्यामुळं देत नाही. नंदगड-खानापूरकडं जुन्या लेखांत रमणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता लागतो.

माझा धंदा सांगायला हवा, कारण मी हे सगळं त्याच नजरेनं बघितलं. शहापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडील छिन्नी-हातोडीनं तांब्या-पितळेवर नावं घालायचे. आता मशीन आहे, पण ताम्हणावर किंवा समईवर कुणी हातचं काम मागितलं तर मी अजून छिन्नीच काढतो. तांब्यावर पंधराशे वर्षांपूर्वी ठोकलेली अक्षरं बघायला मिळणार म्हटल्यावर फी किती हे मी विचारलंसुद्धा नव्हतं, ते बायकोनं विचारलं.

सकाळी सुरुवात बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन देवळापासून झाली. इथं तो फार रेंगाळला नाही आणि ते बरंच झालं. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली बस्ती, आत नेमिनाथ, आणि छतातलं ते दगडी कमळ. मान वर करून बघता बघता सगळ्यांच्या माना दुखल्या. त्यानं एवढंच सांगितलं, "राजाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतंय काका, पण बांधणारा मंत्री होता. आज दिवसभर आपण असलीच माणसं शोधायलोय." आणि तो शब्द त्यानं पाळला.

हलशीत देवळाकडं जायच्या आधी त्यानं गाडी नंदगडच्या रस्त्यालगत चक्रतीर्थ विहिरीपाशी थांबवली. तिथल्या टेकाडात कदंब राजांच्या ताम्रपटांचे संच सापडले होते, आणि जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानं ते वाचून छापले. आज त्या जागी बघण्यासारखं काही नाही. दुसरा कुणी गाइड असता तर गाडीतूनच बोट दाखवून पुढं गेला असता. यानं दगडावर पंचा अंथरला, प्लास्टिकच्या पिशवीतून त्या ताम्रपटांच्या ठशांच्या मोठ्या झेरॉक्स काढल्या आणि आम्हाला तिथंच बसवलं.

हलशीचं जुनं नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांचं हे उत्तरेकडचं मोठं नगर. पहिला पट काकुस्थवर्म्याचा, तो तेव्हा युवराज होता. त्यात श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला खेटग्रामातलं बदोवर नावाचं शेत दिल्याची नोंद आहे. एक सेनापती, एक गाव, एक शेत. तोपर्यंत मी फक्त अक्षरं बघत होतो. पण त्यानं दुसरा कागद पुढं केला, काकुस्थवर्म्याचा पणतू रविवर्मा याचा, आणि म्हणाला, "आता ह्यात तेच शेतवाले शोधा."

खरंच होते. रविवर्म्याच्या त्या पटात मागचा सगळा इतिहास परत सांगितलाय: काकुस्थाच्या मर्जीतला श्रुतकीर्ती खेटग्राम उपभोगत होता, तो वारल्यावर पुढं रविवर्म्याचा बाप राजा मृगेशवर्मा यानं ते दामकीर्तीच्या आईला दिलं, आणि त्या दामकीर्तीचा थोरला मुलगा जयकीर्ती दरबारात प्रतिहार, म्हणजे द्वारपाल अधिकारी, झाला. राजघराण्याच्या चार पिढ्या जातात आणि त्यांच्या मागं हे एक चाकरीतलं घराणं आपलं वतन सांभाळत येतं. आमच्याकडं उताऱ्यावर नावं चढवायला लोक तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घालतात, ते डोळ्यांसमोर आलं. माझी आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "त्या बाईचं नाव काय होतं?" दामकीर्तीच्या आईचं. गाइड म्हणाला, "आज्जी, पटात तिचं नाव घातलेलं नाही. दामकीर्तीची आई, एवढंच." आईला ते आवडलं नाही. मलाही नाही. नावं घालायचा धंदा करणाऱ्याला ती मोकळी जागा फार खुपते.

याच पटात पुढं जे आहे ते वाचताना त्याचा आवाज बदलला. पलाशिकेत दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव त्या गावाच्या उत्पन्नातून करावा आणि पावसाळ्याचे चार महिने यतींना अन्न मिळावं, अशी रविवर्म्याची आज्ञा. खानापूरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला त्या चार महिन्यांचा अर्थ सांगायला नको. जंगल, चिखल, भरलेले ओढे, दारोदार फिरणारा साधू कुठं जाणार? ज्या राजानं हे लिहून घेतलं त्याला हा मुलूख माहीत होता.

मृगेशवर्म्याच्या पटाबद्दल थोडं सांगतो. आपल्या वारलेल्या वडिलांसाठी त्यानं पलाशिकेत जिनालय बांधलं आणि ३३ निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन दिली, मातृसरित नदीपासून इंगिणी संगमापर्यंत. घेणारे यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक असे तीन पंथांचे जैन साधू. शेवटी अंमलबजावणी करणाऱ्यांत भोजक ही पदवी असलेला दामकीर्ती आहे आणि जियंत नावाचा आयुक्तक. जियंत म्हणजे आजच्या भाषेत कचेरीतला अधिकारी. सगळं काम मार्गी लावणारा म्हणून त्याचं नाव आलंय. मी ते नाव झेरॉक्सवर बोटानं गिरवलं. एवढ्या छोट्या माणसाचं नाव तांब्यावर आहे आणि अजून वाचता येतंय!

कारागिरीबद्दल मी त्याला बरेच प्रश्न विचारले. पत्रे कडीत ओवून त्या कडीवर राजाची मुद्रा असते, म्हणजे मधला पत्रा कुणी बदलू शकत नाही. कदंबांच्या काही लेखांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते, त्याचा नमुना त्यानं शिमोग्याकडच्या तालगुंद्याच्या स्तंभलेखाच्या फोटोवरून दाखवला. तो लेख कुब्ज नावाच्या कवीचा. काव्यही त्याचं आणि दगडावर लिहिणाराही तोच. हे ऐकून मी थोडा वेळ बोललोच नाही. अशी पेटी प्रत्येक अक्षरावर सारख्या मापाची काढायला हात किती बसलेला लागतो हे मला माहीत आहे. तांब्यात उकार चुकला तर घासून पुन्हा घालता येतो, दगडात एक टवका उडाला की अख्खी ओळ गेली. कुब्जाला शिल्पकाराला मजकूर देऊन घरी जाता आलं असतं. तो गेला नाही.

मग देऊळ. समोरासमोर दोन गाभारे, नरसिंह आणि भूवराह. हे काम बाराव्या शतकातल्या गोव्याच्या कदंबांचं, ज्यांच्या काळात हा मुलूख पलसिगे बारा हजार म्हणून ओळखला जायचा. पाचव्या शतकातले कदंब आणि हे कदंब यांच्यात सहा-सातशे वर्षांचं अंतर आहे, हे त्यानं तीनदा बजावलं. गावातली जुनी जैन बस्ती दाखवतानाही त्यानं स्पष्ट सांगितलं की मृगेशवर्म्याचं जिनालय ते हेच, असं पटात कुठं लिहिलेलं नाही. ग्राहकाला खूश करायला हो म्हणून टाकणं किती सोपं होतं! गावातल्या एका म्हाताऱ्यांनी पांडवांची गोष्ट सांगितली, तीही त्यानं मान देऊन पूर्ण ऐकून घेतली आणि नंतर आम्हाला शिलालेखातली ११६९ ची नोंद दाखवली. म्हाताऱ्यांना खोटं पाडलं नाही. याबद्दल मी त्याला वेगळे गुण देतो. सुवर्णेश्वर आणि कपिलेश्वर ही देवळं मात्र धावतपळत झाली, तिथं त्याच्याकडं सांगण्यासारखं कमी होतं.

आता तक्रारी. जेवणानंतर बिडी, कित्तूर करत देगावला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तिथल्या कमलनारायण देवळाला निदान दोन तास हवेत, आम्हाला जेमतेम पाऊण तास मिळाला. गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिनं ते बांधवलं, लेख ११७४ चा, आणि घडवणारा तिप्पोज. राणीचं आणि शिल्पकाराचं, दोघांची नावं शिल्लक असलेली जागा! दिवसभर ज्याचा शोध चालला होता ते सगळ्यात भरभरून इथं आहे आणि इथंच घाई झाली. ओळीनं तीन गाभारे, पुढच्या भागातलं ते बारीक नक्षीकाम, खांबांची तुकतुकी, काहीच धड बघून झालं नाही. आत अंधार असतो आणि त्याच्याकडं एकच बॅटरी होती. कमल बस्ती दुसऱ्या दिवसावर टाकून सरळ हलशी गाठली असती तर हा वेळ वाचला असता. मी त्याला तसं सांगितलं, त्यानं वहीत लिहून घेतलं.

दुसरं, चक्रतीर्थापाशी सावली नाही. तासभर उन्हात बसणं आईला जड गेलं. वयस्कर माणसं असतील तर तो भाग जेवायच्या घरी ओसरीवर करायला सांगा, तो तयार होतो. तिसरं, झेरॉक्स चांगल्या आहेत पण सोबतचं मराठी भाषांतर फार बारीक टाइपात आहे. माझ्या मेहुण्याला, जो निपाणीला शाळेत शिकवतो, चष्मा लावूनही अडखळत वाचावं लागलं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांतलं एक पान हवंच.

मराठी माध्यमाच्या शाळांनी हा दिवस आठवी-नववीच्या मुलांसाठी ठरवावा असं मला फार वाटतं. आपल्या सीमाभागात राजांची नावं घेऊन भांडणं पुष्कळ होतात. त्या पटांची भाषा संस्कृत, राजे बनवासीचे, साधू जैन, पुढचे कदंब गोव्याचे, आणि आज त्याच मातीत भात लावणारे लोक मराठी बोलतात. हे सगळं एका दिवसात, जागेवर उभं राहून, आपल्या भाषेत समजावून सांगणारा माणूस चाळीस किलोमीटरवर आहे.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर, कार्तिकाच्या आसपास जा. सकाळी सातला निघा, देगावसाठी आपली बॅटरी आणि प्यायचं पाणी बरोबर ठेवा, आणि शक्य असेल तर देगाव आधी करून हलशीला जेवायला या. मी पुढच्या खेपेला तिप्पोजासाठीच जाणार आहे, फक्त देगाव, आणि गाइडला तसं आगाऊ सांगून ठेवलंय.